दोन केसपेपर, एकच पेशंट: सरकारी दवाखान्यात आयुर्वेद नेमका कुठे बसतो?

गोदाकाठ | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. महिनाभर दवाखान्याच्या फेऱ्यांत होते म्हणून इकडे फिरकले नाही. जे घडलं ते सविस्तर लिहिते, कारण नाशिकमध्ये आणि आसपास घरोघरी हे चालू असणार असं मला वाटतं.

आई ६८ वर्षांची. साखर बारा वर्षांपासून, गुडघे सहा-सात वर्षांपासून. साखरेच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून, दर महिन्याला रांगेत उभं राहून. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आयुषची (आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी वगैरेंची) ओपीडी आहे, तिथून गुडघ्यांसाठी महायोगराज गुग्गुळ आणि रास्नासप्तक काढा. तिसरी गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसणाऱ्या एका माणसाकडून ती 'जडीबुटीची' पांढुरकी पुडी आणायची. आठ महिने. गुडघे इतके मोकळे झाले की आई पंचवटीतल्या घरापासून रामकुंडापर्यंत चालत जाऊ लागली. चेहरा भरला, आम्हाला तेही चांगलंच वाटलं. साखर मात्र २८०, ३२०. खालच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग आणखी वाढवली.

आषाढात तो माणूस यायचा बंद झाला. आठवड्याच्या आत उलट्या, उठून बसवेना, बीपी ८० च्या खाली आणि साखर ५४. अ‍ॅडमिट केलं. दोन दिवस कुणालाच थांग लागेना. तिसऱ्या रात्री पाळीवर आलेल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने आईच्या उशाशी बसून विचारलं, "आजी, गोळ्यांशिवाय अजून काय काय घेता? पुडी, काढा, चाटण, काहीही असू दे, मी रागावणार नाही." आईने पिशवीतून कागदाची घडी काढून तिच्या हातावर ठेवली. सकाळी कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते अगदी तळाला होतं. पुडीत स्टेरॉइड कालवलेलं असणार असं डॉक्टरांचं मत पडलं. आठ महिने बाहेरून मिळत राहिलं म्हणून शरीराने स्वतःचं बनवणं सोडलं, आणि एका दिवशी ते तुटलं. आता आई घरी आहे. डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडची गोळी हळूहळू कमी करत नेणं चालू आहे.

आता मूळ मुद्दा. आईचे दोन केसपेपर माझ्यासमोर आहेत. खालच्या कागदावर वरच्या मजल्यावरच्या गुग्गुळाचा उल्लेख नाही. वरच्या कागदावर साखरेच्या गोळ्यांची नावं नाहीत. पुडी कुठेच नाही. एका इमारतीतले दोन डॉक्टर एकाच बाईला वर्षभर तपासत होते आणि एकमेकांचं एक अक्षरही त्यांनी वाचलं नव्हतं.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा आयुष मुख्य प्रवाहात आणायचं ठरलं. एका छताखाली दोन्ही उपचार मिळावेत म्हणून प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आयुषचे डॉक्टर बसवायला सुरुवात झाली. छत एक झालं, कागद दोनच राहिले. तुमचा अनुभव काय? डॉक्टर मंडळींनी जरूर लिहावं, आणि पाड्यांवर काम करणाऱ्यांनीही.

---

जेलरोडचा फिजिशियन | रविवार, रात्री ११:०५

ताई, आईंना आराम पडतोय हे वाचून बरं वाटलं. वाचकांना आधी एक सांगतो. अशी पुडी बरेच महिने घेतली असेल आणि आता शंका आली असेल तर ती एकदम बंद करून घरी बसू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. अचानक बंद केल्यानेच माणूस कोसळतो.

धाग्याच्या विषयावर माझं मत थोडं कडक आहे. एकत्र आणायचं म्हणजे काय एकत्र आणायचं? मी आयुर्वेदाचा शत्रू नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाने ते मूळ गंभीरपणे घेतलं. चीनच्या तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते जुन्या पोथीतली ताप उतरवणारी वनस्पती प्रयोगशाळेत नेल्याबद्दल. पोथीत लिहिलं होतं की पाला थंड पाण्यात भिजवून पिळा. त्यावरून त्यांच्या लक्षात आलं की उकळल्याने गुण जातो, म्हणून त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला. पोथी इतकी बारकाईने वाचावी लागते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. गुग्गुळाचा अर्क कोलेस्टेरॉल उतरवतो असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००३ मध्ये अमेरिकेत नीट तुलना करून पाहिलं, तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरायच्या ऐवजी थोडं चढलं आणि काहींना अंगावर पुरळ आलं. २००४ मध्ये बोस्टन परिसरातल्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं आणून तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ज्या उपचाराची अशी परीक्षा झाली नाही तो मी सरकारी पैशाने रुग्णाला द्यावा का? माझं उत्तर नाही असं आहे.

---

घाटमाथ्यावरचा एमओ | सोमवार, पहाटे ५:४८

रात्रपाळी संपवून लिहितोय. बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर आहे, जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात.

फिजिशियन सर, तुमच्या प्रश्नाआधी माझा प्रश्न आहे. मी काल ९४ पेशंट पाहिले. ताप, जुलाब, खरूज, बीपी, दोन बाळंतपणं, एक विंचू. एकालाही आयुर्वेदाचं औषध दिलं नाही. माझ्या खोलीतल्या कपाटात सितोपलादी, अविपत्तिकर आणि त्रिफळा असतं तेव्हा असतं. इंडेंट (मागणीपत्र) भरतो, माल येईपर्यंत ऋतू उलटतो. खोकल्याचं चूर्ण चैत्रात आलं तर मी काय करू? साडेपाच वर्षं निदान शिकलो, प्रकृती शिकलो, आणि नोकरी मिळाली ती जिथे एमबीबीएस येत नाही तिथली खुर्ची भरायला. १०८ रुग्णवाहिकेत बसणारे आमचेच, उपकेंद्रावर सहा महिन्यांचा कोर्स करून सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून बसणारेही बरेचसे आमचेच. त्या कामाचा मला अभिमान आहे. ते आम्ही केलं नाही तर पाड्यावर कुणीच पोहोचणार नाही. पण याला दोन शास्त्रांचं एकत्रीकरण म्हणू नका. मनुष्यबळाचा खड्डा आमच्याने भरलाय, इतकंच झालंय.

खरं एकत्रीकरण मला कुठे दिसतं तेही सांगतो. बाळंतिणीला सहाव्या दिवशी काय खायला सांगायचं. जुनाट आमवाताच्या म्हातारीला वेदनाशामक गोळ्या किती दिवस देणार, तिची किडनी बघून दुसरं काय देता येईल. बद्धकोष्ठ, मूळव्याध, त्वचेचे जुने आजार. इथे माझं शिक्षण उपयोगी पडतं आणि इथे मला पाच मिनिटंही मिळत नाहीत.

---

प्रेसवाले काका | सोमवार, सकाळी ८:२०

मी प्रेसमधून निवृत्त, नाशिकरोडला राहतो. लाज सोडून लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मला भगंदर होतं. दोन वेळा ऑपरेशन झालं आणि दोन्ही वेळा वर्षभरात परत झालं. तिसऱ्यांदा एका वैद्यांकडे क्षारसूत्र केलं. दर आठवड्याला जायचं, जुना दोरा काढून नवा ओवायचा. पहिले दोन आठवडे आग आग झाली, बसता येत नव्हतं. तरी कामावर जात होतो. नऊ आठवड्यांनी दोरा आपोआप सुटून आला. त्याला अकरा वर्षं झाली.

माझी तक्रार एवढीच की पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मला कुणीच सांगितलं नाही की असाही उपाय आहे.

---

जेलरोडचा फिजिशियन | सोमवार, दुपारी २:१०

काका, तुमचं उदाहरण माझ्या कसोटीला उतरतं, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. क्षारसूत्राचा दोरा म्हणजे निवडुंगातल्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकावर एक २१ थर. अकरा नुसत्या चिकाचे, सात चीक आणि क्षाराचे, तीन चीक आणि हळदीचे. सुश्रुतात उल्लेख असलेली ही पद्धत बनारस हिंदू विद्यापीठात नव्याने उभी केली गेली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी तिची तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. जखम भरायला क्षारसूत्राने सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. पण वर्षभरात भगंदर परत झालं ते क्षारसूत्रात ४ टक्क्यांना आणि शस्त्रक्रियेत ११ टक्क्यांना.

म्हणजे लवकर बरं व्हायचंय की परत होऊ द्यायचं नाहीये, हे पेशंटने ठरवायचं. ते ठरवायला त्याला दोन्ही आकडे मिळाले पाहिजेत. तुम्हाला ते मिळाले नाहीत ही आमच्या बाजूची चूक, मान्य करतो.

---

काष्ठौषधी | सोमवार, सायंकाळी ७:३३

आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, तिसरी पिढी. डॉक्टर मंडळी पुराव्यावर बोलतात, मी मालावर बोलतो. रोज गिऱ्हाईक येतं, "अशोकाची साल द्या." खऱ्या अशोकाची, म्हणजे सीतेच्या अशोकाची साल मिळणं कठीण झालंय. बाजारात त्या नावाखाली खोट्या अशोकाची साल सर्रास येते. तोच उंच सरळ अशोक, जो आपल्या प्रत्येक कॉलनीच्या कंपाउंडला लावलेला आहे. दिसायला साल सारखी, गुण वेगळा. बाळंतपणानंतर अंगावर जाणाऱ्या बाईने ती महिनाभर घेतली आणि गुण आला नाही, तर नाव आयुर्वेदाचं जातं.

गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात लोकांनी दारातली दिसेल ती वेल ओरबाडून काढे केले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेवर लेख लिहिला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वनस्पती नेमकी कोणती होती ते आधी तपासा. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात आहे, हे मी दुकानदार म्हणून शपथेवर सांगेन. पण मग सरकारी पुरवठ्यात येणारं चूर्ण तरी कोण तपासतं, हा प्रश्न उरतोच.

बिब्बा, बचनाग, कुचला, धोतरा ही औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीतली, म्हणजे विषारी म्हणून नोंदलेली द्रव्यं आहेत. ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना असावी लागते. रस्त्यावरच्या पुडीवर कसली सूचना! गोदाकाठ ताई, तुमच्या आईंना फसवणारा वैद्य नव्हताच. जडीबुटीच्या नावाने त्याने गोळ्यांचा भुगा विकला. त्यात आमची बदनामी होते म्हणून जीव तुटतो.

---

पेठकर | सोमवार, रात्री ९:५०

मी कोकणा समाजातला, पेठ तालुक्यातला, सध्या सातपूरला कंपनीत कामाला. तुम्ही सगळे पोथीतल्या औषधांवर बोलताय. आमच्याकडे पोथी नाही. आमच्याकडे भगत, सुईण आणि जंगल.

माझी आजी सुईण होती. चारशेच्या वर बाळंतपणं केली असतील, मोजली कुणी नाहीत. कुठलं बाळ आडवं आहे ते तिला पोटावर हात ठेवून कळायचं आणि ती "दवाखान्यात न्या" म्हणायची. १९७८ च्या अल्मा आटा जाहीरनाम्यात पारंपरिक उपचारकांना गरजेप्रमाणे प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेत घ्यावं असं आहे. आजीला एकदा प्रशिक्षण मिळालं, पेटी मिळाली. पुढे दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर आला, ते योग्यच होतं, आई आणि मुलं वाचली. पण सुईणीला कुणी विचारेनासं झालं. तिच्या हातातलं ज्ञान तिच्याबरोबर गेलं.

आता सापाचं. माझ्या चुलतभावाला भातलावणीच्या दिवसांत रात्री झोपेत मण्यार चावली. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे त्याचं पोट दुखायला लागलं. घरच्यांनी भगताला बोलावलं. भगताने मंत्र घातला, उतारा केला. तासाभराने भावाच्या पापण्या मिटायला लागल्या, बोबडी वळली. मग गाडी शोधली, ग्रामीण रुग्णालयात लस दिली आणि श्वासाला नळी लागेल म्हणून नाशिकला पाठवलं. पन्नासेक किलोमीटर, मध्ये सावळघाट, पाऊस. वाचला. पण सहा तास गेले होते.

भगताचा मला राग आला होता. नंतर शांत डोक्याने विचार केला. बहुतेक साप बिनविषारी असतात, विषारी चावला तरी दर वेळी विष टोचतंच असं नाही. म्हणून भगताच्या हाताला दहातले बरेच जण बरे होतात आणि त्याचा स्वतःचाही मंत्रावर विश्वास बसतो. तो ठग नाही. रात्री दोन वाजता पाड्यावर हाकेला येणारा तो एकटाच आहे.

---

तपोवन | मंगळवार, सकाळी १०:१५

पेठकर, तुमच्या भावना समजतात, तरी कायदा स्पष्ट आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. डॉ. दाभोलकरांनी त्यासाठी जीव दिला. परंपरेचा आदर म्हणून इथे सूट देता कामा नये. पोटावर डाग देणं, चटके देणं यालाही नाही.

---

पेठकर | मंगळवार, दुपारी १:४०

सूट मागत नाहीये. कायद्यातला शब्द नीट बघा, "रोखून". भगताने रोखलं नाही तर काय होतं ते सांगतो. त्या प्रसंगानंतर आम्ही पाड्यावरची चार पोरं आणि आशाताई भगतबाबांकडे जाऊन बसलो. भांडलो नाही. म्हटलं, "बाबा, तुम्ही मंत्र घाला, पण गाडीत बसून घाला." आधी चिडले. मग त्यांनीच विचारलं, लस सगळ्या सापांवर चालते का. आशाताईंनी सांगितलं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर. घट्ट दोर बांधायचा नाही, कापायचं नाही, पेशंटला चालवायचं नाही. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत आमच्या पाड्यावर तीन दंश झाले. तिन्ही वेळा १०८ ला पहिला फोन लावायला सांगणारे भगतबाबा होते, आणि एकदा ते खरंच गाडीत बसून आले.

---

आशाताई_दिंडोरी | मंगळवार, रात्री ८:०५

+१. भगत बोलला की लोक ऐकतात. मी पाच वर्षं सांगून जे झालं नाही ते भगताच्या एका शब्दाने होतं. पण आम्हाला भगतांची बैठक घ्यायला ना चहापाण्याचे पैसे मिळतात ना कुठल्या रजिस्टरमध्ये तो रकाना आहे. जे रजिस्टरमध्ये नाही ते काम मोजलंच जात नाही.

---

घाटमाथ्यावरचा एमओ | बुधवार, सकाळी ६:२०

आशाताईंचा रकाना आणि गोदाकाठ ताईंचा केसपेपर ही माझ्या लेखी एकच मागणी आहे.

आपल्या नाशिकला याची सुरुवात करायला अडचण नसावी. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे. एमबीबीएस, बीएएमएस, होमिओपॅथी, युनानी, नर्सिंग, सगळ्यांच्या परीक्षा तिथूनच होतात. २०२१ च्या नियमांनुसार एमबीबीएसच्या इंटर्नला आयुषचा एक आठवडाही आहे. त्या आठवड्यात त्याला एकच काम द्या: आयुष ओपीडीतल्या पेशंटांच्या सगळ्या औषधांची यादी दोन्ही कागदांवर लिहायची. उलट आमच्या इंटर्नने खालच्या मजल्यावर तेच करायचं. याला नवी इमारत नको, नवा निधी नको.

आणि सिंहस्थ २०२७ ला आहे. साधुग्रामात आणि घाटावर पुड्या विकणारे शेकड्याने येतील, औषधाच्या विश्वासाने लाखो लोक घेतील. तेव्हा नोंद करायला लागलो तर उशीर झालेला असेल.

---

जेलरोडचा फिजिशियन | बुधवार, रात्री १०:३०

एमओ, तुमचं पटलं. पहिल्या प्रतिसादात मी विचारलं होतं की सरकारने काय द्यावं. त्याआधी लोक काय घेतात हे विचारायला हवं होतं. औषध सिद्ध झालेलं असो वा नसो, ते पेशंटच्या पोटात आहे, आणि मी लिहिलेल्या गोळीशी त्याची गाठ पडणारच आहे.

पुराव्याचा आग्रह मी सोडत नाही. पण आजपासून माझ्या ओपीडीत प्रत्येकाला तो प्रश्न विचारायला सुरुवात केली. आज ४१ पेशंट होते, त्यातले १७ काही ना काही घेतात. एक जण वॉर्फरिनवर (रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर) असून रोज लसणाचा अर्क घेतो, मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. त्याची आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, उद्या सकाळी करायला सांगितली आहे.

गोदाकाठ ताई, ती शिकाऊ मुलगी कोणत्या शब्दांत बोलली होती ते तुम्ही लिहिलंत ना, "मी रागावणार नाही", ते मी तसंच्या तसं वापरतोय. त्याशिवाय कुणी सांगत नाही.

---

गोदाकाठ | गुरुवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. एमओ दादांचं वाचून मी वाट न बघता एक पान केलं. वहीचं साधं पान, उभे पाच रकाने: काय घेते, कुणी दिलं, कधीपासून, किती, कधी बंद केलं. साखरेच्या गोळ्या, स्टेरॉइडची उतरती मात्रा, गुग्गुळ, काढा, आईची सकाळची मेथी, सगळं एकाखाली एक. पुडीही लिहिली, "कुणी दिलं" समोर "बाजारातला माणूस".

आज तपासणीला गेलो तेव्हा खालच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि मेथी किती चमचे ते विचारलं. मग वर गेलो. आयुषच्या डॉक्टरबाईंनी काढ्यापुढे "सध्या बंद" असं लिहून सही केली, म्हणाल्या, स्टेरॉइड उतरेपर्यंत थांबू. पहिल्यांदाच दोघांची सही एका पानावर आली. खिडकीवरच्या सिस्टरनी ते पान केसपेपरला टाचून दिलं.

कुणाला हवं असेल तर पानाचा फोटो टाकते. आईचं नाव झाकून.

---

पेठकर | गुरुवार, रात्री ९:४०

ताई, टाका. आशाताईंना पाठवतो. आमच्याकडे एक रकाना वाढवावा लागेल, "भगताकडे गेला होता का", आणि तो पहिला ठेवू.